कडुनिंबाची सावली मोजताना : नागपूरचे पाच दिवस

दिवस पहिला

गरीबरथ नागपूरला लागली तेव्हा सकाळचे नऊ वाजून गेले होते, आणि डब्यातून खाली पाय ठेवल्याबरोबर ती ओळखीची झळ तोंडावर आली, मेच्या शेवटच्या आठवड्यातली, नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, सुरू व्हायच्या बेतात असतानाची. लेक म्हणाली आई कोणीतरी ओव्हन उघडा ठेवलाय. ती पुण्यात वाढलेली, नऊ वर्षांची, तिला हा उन्हाळा माहीतच नाही. मी तिच्या डोक्याला दुपट्टा गुंडाळला, नाक-कान झाकून, जसा माझी आई मला गुंडाळायची तसाच.

बाबा प्रतापनगरला राहतात. घरी पोचलो, पन्हं प्यायलो, कूलरपुढे बसलो, तर बाबा गायब. आई म्हणाली वर गच्चीवर असतील, सध्या तेच चालू आहे त्यांचं. मी वर गेले तर ६८ वर्षांचा हा माणूस डोक्याला ओला शेला बांधून, गुडघ्यावर बसून फरशीवर खडूने रेघ ओढत होता आणि रेघेशेजारी वेळ लिहीत होता. १०.१५. गच्चीभर अशा रेघा, काही पांढऱ्या, काही निळ्या, निळ्या बऱ्याचशा पुसट झालेल्या.

"बाबा हे काय?"

"कडुनिंबाची सावली मोजून राहिलो. पांढऱ्या आत्ताच्या. निळ्या डिसेंबरच्या. दर महिन्याला पुन्हा गिरवतो, पाण्याने जातात."

मग सगळं सांगितलं. गच्चीवर सोलर बसवायचंय, सरकारी योजनेत तीन किलोवॉटला ७८ हजारांची सबसिडी मिळते, दोनला ६० हजार. ज्याच्याकडून कोटेशन घेतलं तो पोरगा येऊन बघून गेला आणि म्हणाला काकाजी तीन बसतील आरामात, फक्त ते झाड काढून टाका. झाड घराच्या दक्षिण-पश्चिमेला, कुंपणाच्या आत, चांगलं दोन मजल्यांहून उंच. आम्ही लावलेलं नाही. १९९४ ला प्लॉट घेतला तेव्हा ते होतंच, त्याच्या आधी इथे शेत होतं आणि शेत विकताना कोणीतरी बांधावरचं ते झाड तोडलं नव्हतं, एवढंच आम्हाला माहीत.

"मग काय ठरवलं?" मी विचारलं.

"मोजल्याबिगर काय ठरवू बेटा."

संध्याकाळी ऊन उतरल्यावर आत्याकडे गेलो, अंबाझरी लेआउटला. नागपूरच्या बाहेरच्यांसाठी सांगते, अंबाझरी हा शहराच्या पश्चिमेचा तलाव, १८७० सालचा, शहराला पाणी द्यायला बांधलेला. ज्या नाग नदीवरून गावाचं नाव पडलं ती याच्याच अंगाने शहरात शिरते, नंतर पिवळी नदी तिला मिळते, मग कन्हान, मग वैनगंगा, म्हणजे आपण इथे जे सोडतो ते शेवटी गोसीखुर्दच्या धरणात जाऊन बसतं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे चार तासांत १०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, तलाव ओसंडला आणि खालच्या वस्त्यांत पाणी घुसलं. माणसं गेली त्यात. शहरात हजारो घरं ओली झाली आणि त्यातलं एक आत्याचं.

आत्याच्या हॉलमधे तिच्या लग्नातलं सागवानी कपाट आहे. त्याच्यावर जमिनीपासून साधारण माझ्या कमरेपर्यंत रंग वेगळा आहे, खाली काळपट आणि वर मधासारखा, आणि मधली रेघ इतकी सरळ की जणू सुताराने पट्टी धरून ओढली. पॉलिश करून घेता आलं असतं, तिने मुद्दाम नाही केलं. बाकी घर मात्र तिने बदलून टाकलंय. स्विचबोर्ड सगळे छातीच्या वर. फ्रिज विटांच्या ओट्यावर. धान्याच्या कोठ्या माळ्यावर, आणि माळ्यावर चढायला लोखंडी शिडी, ती भिंतीला पक्की बसवलेली.

"रात्री दोनला लाइट गेली," आत्या सांगत होती, "मी म्हटलं जाऊ दे, येईल. मग पायाला गार लागलं. पलंगावर झोपलेली मी, आणि पाय खाली सोडला तर पाणी. आवाज काहीच नव्हता बघ. मला वाटायचं पूर म्हटलं की आवाज येत असेल."

तिच्या शेजारच्यांनी घर विकलं. तिने नाही विकलं. तिचं म्हणणं असं की गल्लीतला रस्ता सिमेंटचा झाला तेव्हाच घर खड्ड्यात गेलं होतं, रस्ता घराच्या जोत्याच्या वर आला, दोन्ही बाजूंना मातीची पट्टी राहिली नाही, पाणी मुरणार कुठे. रस्ता झाला तेव्हा सगळ्यांना बरं वाटलेलं, तिलाही, खड्डे नाहीत धूळ नाही. कोणीच तेव्हा हे मोजलं नाही की पाऊस पडला तर काय. मला रात्री झोपताना तेच आठवत राहिलं, बाबांच्या रेघा आणि कपाटावरची रेघ. एक आधी मोजलेली, एक नंतर मोजली गेलेली.

दिवस दुसरा

सकाळी सहाला तर्री पोहे खाऊन कोराडी. मुद्दाम लवकर, कारण अकरानंतर बाहेर राहायची सोय नाही. २३ मे २०१३ ला या शहराने ४७.९ अंश पाहिलेत. २०२४ च्या मेमधे तर ५६ चा आकडा आला आणि देशभर बातमी झाली, तो सेन्सर बिघडलेला होता हे हवामान खात्याने नंतर सांगितलं, पण मला त्यात जे लागलं ते हे की नागपूरच्या लोकांनी तो आकडा ऐकून घेतला आणि खरा मानला. अशक्य वाटलं नाही कोणाला.

कोराडी माझं बालपण. बाबांनी ३४ वर्षं तिथल्या वीज केंद्रात नोकरी केली, आधी मेंटेनन्सला, शेवटी कंट्रोल रूममधे शिफ्टला. आम्ही कॉलनीत राहायचो. गावाकडचे लोक यायचे तेव्हा त्यांना नवल वाटायचं की आमच्याकडे लाइट कधी जात नाही, आणि मला त्याचा फार अभिमान होता, माझे बाबा लाइट बनवतात असं मी शाळेत सांगायची. तो अभिमान खोटा नव्हता हे मी आज पण म्हणेन. १९७४ ला पहिला संच सुरू झाला तेव्हा विदर्भातल्या किती गावांत संध्याकाळी अंधार असायचा, त्या अंधारातून ही वीज लोकांना बाहेर काढत होती.

तलावाच्या काठी, जगदंबेच्या देवळाच्या बाजूने गाडी लावली आणि तिथून चिमण्या बघत उभे राहिलो. जुने १२० मेगावॉटचे संच बंद झालेत, आता ६६० चे तीन मोठे आणि २१० चा एक जुना. बाबांनी नातीला हिशोब सांगितला. एक युनिट वीज म्हणजे साधारण ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा. त्या कोळशाचा तिसरा हिस्सा आणि कधी त्याच्याही वर नुसती राख. आणि एका युनिटमागे जवळजवळ किलोभर कार्बन डायऑक्साइड चिमणीतून वर. ६६० चा एक संच पूर्ण चालला तर एका तासात ६ लाख ६० हजार युनिट, मग कर गुणाकार. ती करत बसली बोटांवर, मग सोडून दिलं.

"आजोबा ती राख कुठे जाते?"

बाबा थोडा वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, पाण्यात कालवून पाइपने राखेच्या तलावात. काही सिमेंटला जाते, विटांना जाते, पण रोजची एवढी राख की उरतेच. २०२२ च्या जुलैत खसाळ्याच्या राख तलावाचा बांध फुटला, राखेचं पाणी नाल्यातून शेतांत आणि नदीत गेलं. बाबा तेव्हा रिटायर झालेले होते, तरी ते दोन दिवस नीट जेवले नव्हते असं आई सांगते.

एक गोष्ट त्यांनी फार आवडीने दाखवली, कुलिंग टॉवर. वाफ वर जाताना दिसत होती. वीज केंद्राला कोळशाइतकीच पाण्याची भूक असते आणि हे पाणी पूर्वी धरणाचं असायचं, म्हणजे शहराच्या पिण्यातला वाटा. २००८ मधे महापालिका आणि वीज कंपनीत करार झाला की शहराचं सांडपाणी भांडेवाडीला शुद्ध करायचं आणि पाइपने इथे आणायचं, रोज १३ कोटी लिटर. आज नागपूरच्या मोऱ्यांतलं पाणी स्वच्छ होऊन इथे टॉवरमधून वाफ होऊन उडतं आणि तेवढं पेंचचं पाणी माणसांसाठी सुटं राहतं. "हे ठरलं तेव्हा लोक नाक मुरडायचे," बाबा म्हणाले, "मोरीच्या पाण्यावर प्लांट चालवणार म्हणे. आता सांग, २०१९ ला काय झालं असतं?" २०१९ च्या जुलैत पेंच नदीवरचं तोतलाडोह धरण इतकं खाली गेलं होतं की नागपूरला एक दिवसाआड पाणी आलं. हे पाणी नसतं तर त्या वर्षी काय झालं असतं ते मला खरंच बघायचं नव्हतं.

परतताना गाडीत मी त्यांना २०२१ च्या आयपीसीसी, म्हणजे हवामान बदलावरच्या जागतिक मंडळाच्या, अहवालाबद्दल सांगितलं, कारण हे मी गेले वर्षभर वाचतेय आणि घरात कोणाशी नीट बोलायला मिळालं नव्हतं. त्यात पाच वाटा मांडल्यात. सगळ्यात कमी उत्सर्जनाच्या वाटेने गेलो तर शतकाच्या शेवटी जग औद्योगिक काळाआधीच्यापेक्षा साधारण १.४ अंशाने गरम, मधल्या वाटेने २.७, सगळ्यात वाईट वाटेने ४.४. माझी लेक तेव्हा ऐंशी पार केलेली म्हातारी असेल, म्हणजे हे आकडे माझ्यासाठी अहवालातले नाहीत, ते तिच्या म्हातारपणीच्या मे महिन्याचे आहेत.

मी म्हटलं लोक याला भविष्यवाणी समजतात. बाबा म्हणाले, "भविष्यवाणी कायची? हे टाइमटेबल आहे. या गाडीत बसाल तर या स्टेशनावर उतराल, त्या गाडीत बसाल तर त्या. गाडी कोणती पकडायची हे थोडी लिहून ठेवलंय त्यात."

मग मी विचारलं ते विचारायला नको होतं कदाचित. कोराडीत अजून दोन ६६० चे संच उभारायचा प्रस्ताव आला, २०२३ च्या मेमधे त्याची जनसुनावणी झाली, शहरात बराच विरोध झाला. तुम्ही असता तर काय म्हणाला असतात? बाबांनी काच खाली केली, गरम हवा आत आली, परत वर केली. म्हणाले, "मी चालवलेले संच मला आवडायचे. आवाजावरून कळायचं मला बेअरिंग कसं आहे ते. पण एक संच उभा केला की तो २५-३० वर्षं चालवावाच लागतो, पैसा अडकलेला असतो ना. १९७४ ला ज्यांनी ठरवलं त्यांना बाकी काही हातात नव्हतं. आता आहे." आणि मग बराच वेळ फक्त एसीचा आवाज.

चिमणीच्या धुरातला सल्फर पकडायच्या यंत्रांबद्दल पण बोललो. २०१५ ला नियम आला, मुदत पुढे पुढे जात राहिली, शेवटी २०२५ च्या जुलैत देशातल्या बहुतेक कोळसा केंद्रांना त्यातून सूटच मिळाली. यावर ते एवढंच म्हणाले की पैसे वाचले. कोणाचे, ते नाही म्हणाले.

दिवस तिसरा

मामाकडे, काटोलच्या बाजूला. संत्र्याची बाग, ४०० झाडं. लेकीला वाटलं होतं झाडं संत्र्यांनी लगडलेली दिसतील, तर मेमधे बाग बघून तिला रडूच आलं, पानं वळलेली, मलूल, जमीन भेगाळलेली. मामा हसला नाही, तिला जवळ घेऊन एक पान हातात दिलं. बघ, कडा आत वळल्यात. याला ताण देणं म्हणतात. मृग बहार घ्यायचा तर एप्रिल-मेमधे झाडाला उपाशी ठेवायचं, पाणी तोडायचं, मग मृगाचा पाऊस पडला की झाड सगळं बळ लावून फुलतं आणि फळ पुढच्या फेब्रुवारी-मार्चला. तिने पान चुरगाळून वास घेतला आणि तेवढ्या एका वळलेल्या पानात पूर्ण संत्र्याचा वास होता.

ही सगळी पद्धत एका विश्वासावर उभी आहे, की पाऊस वेळेवर येईल आणि त्याआधी येणार नाही. मामा म्हणाला पाच वर्षांतून दोनदा तरी आता गडबड होते. मेमधेच अवकाळी आला की ताण तुटतो आणि झाड अर्धवट फुटतं. उलट मृग कोरडा गेला तर ताण जास्त होऊन झाड वाळतं. हिवाळ्याच्या शेवटी फुलणारा आंबिया बहार घ्यावा तर उन्हाळाभर पाणी द्यावं लागतं आणि पाणी आहे कुठे. पलीकडे वरूड भागात बोअरची शर्यत लागली आणि तो डार्क झोन झाला, खाली पाणी भरतं त्याच्यापेक्षा उपसा जास्त. मामाच्या शेजाऱ्याने गेल्या वर्षी ९०० फुटांवर बोअर नेला. लागलं पाणी. त्यानंतर मामाची विहीर मार्चमधेच तळाला गेली.

"मग तू पण नेणार खोल?" मी विचारलं. मामी आतून म्हणाली विचार त्यांना, दोन महिने झाले भांडून राहिलो आम्ही याच्यावर.

मामाने बागेच्या उताराच्या टोकाला नेलं. तिथे ६० झाडं उपटली होती. जुनी, डिंक्या रोगाने खाल्लेली बरीचशी, पण काही चांगलीही होती. त्या जागी शेततळं खणलंय. मामीचं म्हणणं की साठ झाडांचं उत्पन्न गेलं ते गेलं आणि तळं भरेल का कोणाला माहीत. मामाचं म्हणणं की बोअर खोल नेला तर शेजारी अजून खोल नेईल, मग मी, मग तो, आणि दहा वर्षांनी आम्ही दोघंही दगड उपसू. नवी कलमं त्याने रंगपूर लाइमच्या खुंटावर घेतलीत, खुंट म्हणजे कलमाचा मुळाकडचा भाग, नेहमीच्या जंबेरी खुंटापेक्षा कोरड्याला टिकतात म्हणून. संत्र्याला फळ धरायला पाच-सहा वर्षं जातात, म्हणजे ज्या हवेत ती झाडं फळतील ती हवा अजून यायचीये, आणि माणूस आजच्या अंदाजाने खुंट निवडतो. मला हे कुठल्याही अहवालापेक्षा जास्त भिडलं, खरं सांगते.

जेवायला पाटोडी रस्सा होता. मामी अजून रागातच होती पण पाटोड्या जगात तिच्यासारख्या कोणी करत नाही.

दिवस चौथा

पेंचचं वाघांचं जंगल. या दिवसाची मी पुण्यापासून वाट बघत होते.

कामठी, कन्हान, मनसर करत आधी सरळ राष्ट्रीय महामार्ग ४४ ने खवासाकडे गेलो, जंगलालगतच्या सिल्लारी गावाला, जिथे मुक्काम होता, वळायच्या आधी लेकीला अंडरपास दाखवायचे होते. हा रस्ता पेंच आणि कान्हाला जोडणाऱ्या जंगलपट्ट्यातून जातो. चौपदरी करायचं ठरलं तेव्हा लोक कोर्टात गेले, काम कित्येक वर्षं अडकलं, आणि तेव्हा रोज ट्रॅफिकमधे अडकणारा जो तो म्हणायचा की वाघांसाठी माणसं थांबलीत. मीही म्हटलं असेल, नागपूर-जबलपूर एसटीत बसून. त्या भांडणातून शेवटी जे निघालं ते असं की रस्ता झाला पण जंगलाच्या वरून झाला. महाराष्ट्राच्या भागात प्राण्यांना खालून जायला नऊ जागा ठेवल्या, काही छोटे पूल आणि काही लांबच लांब अंडरपास, सगळ्यात मोठा ७५० मीटरचा.

वरून जाताना काहीच कळत नाही. दोन्ही बाजूंना उंच पत्रे, आवाज आणि उजेड खाली जाऊ नये म्हणून, आणि गाडी सरळ पळत राहते. बाबांनी एका ठिकाणी साइडला घेऊन लेकीला सांगितलं, आत्ता आपल्या पायाखालून कदाचित वाघ चाललाय. ती पाय वर घेऊन बसली. भारतीय वन्यजीव संस्थेने २०१९ मधे या अंडरपासखाली कॅमेरे लावले होते, त्यात १८ जातींचे प्राणी दिसले, चितळ, रानडुक्कर, रानकुत्रे, आणि ११ वेगवेगळे वाघ एकूण ८९ वेळा. हे ८९ मला पाठ आहे. प्रत्येक वेळी त्या वाघाने दोन ट्रकांमधली फट शोधायच्या ऐवजी सावलीतून चालत रस्ता ओलांडला, आणि ट्रकवाल्याला त्याचा पत्ताही नाही. ते सगळे अडकलेले तास त्याच्यात जमा आहेत असं मला वाटतं.

दुपार सिल्लारीला रूमवर पडून काढली. संध्याकाळची सफारी झाली, सांबर, गवे, मोर, पाणवठ्यावर रानकुत्र्यांची टोळी, वाघ नाही दिसला. लेकीला वाईट वाटलं नाही, तिला आता तो पुलाखालीच असणार याची खात्री होती.

खरी गोष्ट रात्री. जानेवारी २०२४ मधे पेंच भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा काळोख जपलेली जागा, जाहीर झालं, आशियातलं पाचवं. मला वाटलं होतं जंगल आहे, अंधार असणारच, त्यात काय एवढं. पण ते तसं नाही. सिल्लारी, पिपरिया, खापा वगैरे गावांतले शंभरावर दिवे बदलले, उजेड फक्त खाली पडेल असे लावले. सिल्लारीच्या रस्त्यावर मी एका खांबाखाली उभी राहिले. दिव्याला वरून टोपीसारखं झाकण, उजेडाचं गोल वर्तुळ रस्त्यावर, त्यात एक कुत्रं झोपलेलं, वर्तुळाच्या बाहेर दोन पावलं टाकली की संपूर्ण काळोख, आणि मान वर केली की,

कसं सांगू. अमावस्या दोन दिवसांवर होती. डोक्यावर स्वाती, दक्षिणेकडे चित्रा, आणि पूर्व-दक्षिणेला विंचू अख्खा, नांगीपर्यंत, ज्येष्ठा लालसर. अकराच्या पुढे झाडांच्या रेषेवरून आकाशगंगा वर यायला लागली. मी हे शेवटचं पाहिलं ते आजोळी, सात-आठ वर्षांची असताना, अंगणात बाजेवर, आणि मला वाटायचं ते गेलं, जसं बालपण जातं तसं, परत मिळायची गोष्ट नाही ती. लेक पहिल्यांदा बघत होती. तिने विचारलं पुण्यात पण हेच आहे का वर? हेच आहे गं. फक्त झाकलंय आपण.

टपरीवर एक तरुण पोरगा चहा करत होता, इथलाच, गाइडचं काम पण करतो. तो म्हणाला आधी गावातले काही म्हणायचे उजेड कमी केला तर साप-बिबट्या कसा दिसेल, मग दिवे लागले आणि कळलं की उजेड कमी नाही झाला, फुकट वर जात होता तो थांबला, खाली तर आधीपेक्षा नीट दिसतं. "आता मोठमोठे कॅमेरे घेऊन लोक येतात ताई, नुसत्या अंधारासाठी," तो म्हणाला.

बाबा इतका वेळ गप्प होते. आयुष्यभर वीज बनवलेला माणूस काळोखात खुर्ची टाकून मान वर करून बसला होता. बऱ्याच वेळाने म्हणाले, किती वीज आपण आभाळाला दिली.

दिवस पाचवा

पेंचहून पहाटे निघून दहापर्यंत नागपूर. आत्याला दवाखान्यात जायचं होतं, तिला घेऊन अजनीवरून आलो. अजनीच्या रेल्वे कॉलनीतली ती जुनी दाट झाडं, चिंच, कडुनिंब, पिंपळ, त्यांच्यात गाडी शिरली तसं आत्याने काच खाली करायला सांगितली. भर दुपारी, मेमधे, नागपुरात. झळ होती पण बोचत नव्हती. २०२१ मधे इथे इंटरमोडल स्टेशनसाठी, म्हणजे रेल्वे-बस वगैरे सगळं एकाच जागी आणायला, ही झाडं जाणार होती, शहरातले लोक रस्त्यावर उतरले, झाडांना मिठ्या मारून उभे राहिले, कोर्टात गेले, आणि ते काम इथून मागे पडलं. आत्या म्हणाली तिच्या भिशीतल्या दोघी जात होत्या रोज, ती नाही गेली, गुडघे दुखतात म्हणून. "जायला पाहिजे होतं," ती म्हणाली, "पुराच्या आधीच जायला पाहिजे होतं मी कुठेतरी."

घरी आल्यावर बाबा सरळ गच्चीवर. साडेबारा होत आलेले. मी आणि लेक मागे गेलो. नागपुरात या आठवड्यात सूर्य भर मध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो, गच्चीच्या कठड्याला सावलीच नव्हती, कडुनिंबाची पण नाही, सगळी त्याच्या बुडाशी गोळा झालेली. पांढऱ्या रेघा झाडापाशी घोळका करून होत्या. निळ्या मात्र गच्चीच्या मध्यापर्यंत आल्या होत्या. बाबांनी लेकीला समजावलं, डिसेंबरात सूर्य दुपारी पण अर्ध्यावरच चढतो, ४५ अंशांवर, मग झाड जेवढं उंच तेवढी लांब त्याची सावली. म्हणून मेमधे बघून पॅनल लावणारा फसतो.

"म्हणजे आजोबा इथपर्यंत नाही लावायचं," ती शेवटच्या निळ्या रेघेवर जाऊन उभी राहिली, चप्पल घालून, फरशी तापलेली होती.

"बरोबर. तिथून उत्तरेला. मोजलं मी. दोन किलोवॉट बसतात." रोजचे आठेक युनिट. आईचा आणि त्यांचा वापर त्यात निघतो, कूलर धरून. तीन बसवले असते तर उरलेली वीज नेट मीटरवरून बाहेर गेली असती, बिल आणखी खाली आलं असतं, हे त्यांनी स्वतःच सांगितलं, लपवलं नाही. पण झाडाची दुपारनंतरची सावली खालच्या बेडरूमच्या भिंतीवर पडते आणि ती गेली तर आई कूलरवर थांबणार नाही, एसी लावेल, आणि लावायलाच लागेल. हा पण हिशोब वहीत होता, भिंतीचं तापमान, झाडाच्या बाजूचं आणि पलीकडचं, दुपारी चारला, तीन आठवड्यांचं.

त्या पोराला त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला. "हाव, दोनच. नाही, झाड राहू द्या. फांदी पण नाही. तुम्ही या फक्त, जागा मी आखून ठेवली आहे."

फोन ठेवला आणि खिशातून निळा खडू काढून लेकीच्या हातात दिला. ती उन्हात वाकून, जीभ बाहेर काढून, पुसट झालेली शेवटची रेघ गिरवायला लागली. खालून आई हाका मारत होती, जेवण गार होतंय, गाडीची वेळ होईल. बाबा म्हणाले येतो, एवढी रेघ होऊ दे.